यामाहा पीएसआर-एसएक्स ९०० : नवे मॉडेल आल्यावर हातातला कीबोर्ड बदलावा का?

अरेंजर कीबोर्ड वाजवणाऱ्याला एक निर्णय दर चार-पाच वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो, आणि सध्या तो यामाहाच्या पीएसआर-एसएक्स ९०० या कीबोर्डाच्या मालकांपुढे आहे. २०१९ मध्ये आलेल्या या कीबोर्डाची जागा २०२४ मध्ये एसएक्स ९२० ने घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी यामाहाच्या सर्वांत वरच्या श्रेणीत जेनॉस २ दाखल झाला होता. तेव्हापासून कार्यक्रमाआधी साउंड चेक चालू असताना वादक एकमेकांना हमखास विचारतात, की तुम्ही बदलला का, बदलणार का, आणि बदलला तर जुन्याचे किती आले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मराठी भावगीत, भक्तिगीत, नाट्यगीत आणि उत्सवातल्या वाद्यवृंदांची साथ करणाऱ्या ज्या वादकाने आपला एसएक्स ९०० मनापासून बसवून घेतला आहे, त्याने केवळ नवे मॉडेल आले म्हणून तो बदलू नये. बदलण्याचे एक खरे कारण आहे, ते मेमरीचे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. बाकीची कारणे आपल्या कामाच्या स्वरूपाशी ताडून पाहिली तर बहुतेक वेळा टिकत नाहीत.

ज्यांचा या वाद्याशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर वादकाने डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार स्वर) धरली की अरेंजर कीबोर्ड ती ओळखतो आणि आधी बसवलेली साथ त्या कॉर्डप्रमाणे वाजवू लागतो. यामाहाच्या पद्धतीत या साथीला स्टाइल म्हणतात, आणि एका स्टाइलमध्ये तालाचे दोन, बेसचा एक, कॉर्डचे दोन, पॅडचा एक आणि फ्रेजचे दोन असे आठ भाग असतात. उजवा हात गाण्याची चाल किंवा मधले म्युझिक पीस वाजवायला मोकळा राहतो. चार-पाच वादकांचे मानधन ज्या आयोजकाला परवडत नाही त्याच्या कार्यक्रमातही भरलेली साथ ऐकू येते, ती यामुळे. गावोगावच्या भजनी मंडळांपासून शहरातल्या सुगम संगीताच्या वर्गांपर्यंत हे वाद्य पोहोचले, त्याचेही मुख्य कारण हेच आहे.

एसएक्स ९०० मध्ये ६१ पट्ट्या आहेत, ७ इंची रंगीत टचस्क्रीन आहे आणि ५२५ स्टाइल्स आहेत. वजन सुमारे साडेअकरा किलो असल्यामुळे तो एकट्याने उचलून एसटीने किंवा रिक्षाने नेता येतो, आणि ज्याला महिन्यातले बरेचसे शनिवार-रविवार प्रवासात घालवावे लागतात त्याच्या दृष्टीने ही बाब आवाजाच्या गुणवत्तेइतकीच महत्त्वाची आहे. आधीच्या एस ९७० आणि एस ९७५ या मॉडेलांच्या तुलनेत रंगमंचावर जाणवणारे दोन मोठे बदल म्हणजे टचस्क्रीन आणि उजव्या हातासाठी मिळालेला तिसरा आवाज. पूर्वी उजव्या हाताला दोनच आवाज एकत्र लावता येत असत. आता व्हायोलिनचा समूह, त्याच्यावर बासरी आणि वरच्या सप्तकात हलके ग्लोकेनस्पील असा तिहेरी मेळ एका बटणावर ठेवता येतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या भावगीतांचे म्युझिक पीस ज्यांनी कान देऊन ऐकले आहेत, त्यांना या मेळाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

साथीच्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडते ती रजिस्ट्रेशनची सोय. एका बँकेत ८ रजिस्ट्रेशन्स राहतात, आणि प्रत्येकात स्टाइल, लय, उजव्या-डाव्या हाताचे आवाज, त्यांचे प्रमाण आणि ट्रान्सपोज (गाण्याची पट्टी वर-खाली करणारी मांडणी) हे सारे साठवता येते. मी एका गाण्याला एक बँक देतो: पहिल्या बटणावर सुरुवातीचा पीस, दुसऱ्यावर मुखडा, तिसऱ्यावर पहिल्या अंतऱ्याआधीचा पीस, याप्रमाणे. फूट पेडलवर पुढचे रजिस्ट्रेशन घेण्याची सोय लावली की हात पट्ट्यांवरून उचलावा लागत नाही. मात्र इथे एक गोष्ट नवख्या वादकाने पक्की लक्षात ठेवली पाहिजे. गायक सरावाच्या वेळी काळी एकमध्ये गातो आणि कार्यक्रमात घसा बसला म्हणून पांढरी एक मागतो. गायिका काळी पाच सांगून आयत्या वेळी काळी चारवर येते. तुम्ही ट्रान्सपोज बदलता, पहिला पीस व्यवस्थित पार पडतो, आणि मुखड्याचे रजिस्ट्रेशन दाबताच त्यात साठवलेला जुना ट्रान्सपोज परत येऊन सूर बदलतो. यावर उपाय कीबोर्डातच आहे. फ्रीझच्या यादीत ट्रान्सपोज निवडून फ्रीझ चालू ठेवले, की रजिस्ट्रेशन बदलले तरी पट्टी हलत नाही. प्रत्येक कार्यक्रमाआधी ते चालू आहे की नाही हे पाहणे मी तानपुरा लावण्याइतकेच आवश्यक मानतो.

मींड काढण्यासाठी जुन्या मॉडेलांत पिच बेंडचे चाक होते. एसएक्स मालिकेत त्याच्या जागी जॉयस्टिक आली. डावी-उजवीकडे नेली की सूर उतरतो-चढतो, वर-खाली नेली की कंप येतो. चाकावर हात बसलेल्या वादकांना सुरुवातीला हे अवघड जाते, आणि त्यांची तक्रार रास्त आहे, कारण चाकावर बोट ठेवून सूर अर्ध्यावर धरून ठेवण्याची त्यांना सवय झालेली असते. तरीही बासरी आणि सारंगीच्या आवाजांवर मींड आणि कंप एकाच हालचालीत मिळवणे जॉयस्टिकमुळे सोपे झाले आहे, आणि सवय झाल्यावर मला तीच अधिक आवडू लागली. पट्ट्यांना आफ्टरटच नाही, म्हणजे पट्टी दाबल्यानंतर अधिक जोर देऊन आवाजात बदल करता येत नाही. ही उणीव सतारीच्या आणि व्हायोलिनच्या एकल वादनात जाणवते. समूहाच्या साथीत जाणवत नाही.

ध्वनिव्यवस्थेच्या बाजूने या कीबोर्डाचे एक वैशिष्ट्य कमी लोक वापरतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मुख्य आउटपुटशिवाय त्याला सब आउटपुट आहेत, आणि स्टाइलमधील तालाचा भाग तिकडे वळवता येतो. मोकळ्या मैदानावर किंवा मांडवात ध्वनिसंयोजकाला ठेका आणि चाल वेगळ्या चॅनलवर मिळाली, तर तो गायकाच्या आवाजाला धक्का न लावता ठेका वर आणू शकतो. कीबोर्ड एका वायरवर जोडून घेऊन मग ‘ढोलकी ऐकू येत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून पाहावा.

आता या वाद्याच्या सर्वांत कळीच्या बाबीकडे, म्हणजे ठेक्याकडे वळतो. आपल्याकडच्या वादकांचे समाधान आणि असमाधान दोन्ही इथेच जन्माला येतात, आणि नवे मॉडेल घेतल्याने यातील फार थोडे बदलते. जगभर विकल्या जाणाऱ्या या मालिकेत लॅटिन, जाझ, बॉलरूम आणि युरोपीय लोकसंगीताच्या स्टाइल्स भरपूर आहेत; भारतीय स्टाइल्स निवडक आहेत, आणि ज्या आहेत त्यांचा कल चित्रपटसंगीताच्या अंगाने जाणाऱ्या रिदमकडे आहे. भजनी ठेका, लावणीची ढोलकी, नाट्यगीताला लागणारा संथ झपताल, भावगीताचा मऊ दादरा या गोष्टी डब्यातून काढताच मिळणार नाहीत. त्या स्वतः तयार कराव्या लागतात, किंवा तयार करणाऱ्याकडून विकत घ्याव्या लागतात.

स्वतः तयार करायला बसले की दुसरी अडचण समोर येते. स्टाइलची रचना बारवर, म्हणजे ठरावीक मात्रांच्या गटावर चालते आणि आपला ताल आवर्तनावर चालतो. दादरा आणि केहरवा यांचे आवर्तन बारमध्ये सहज बसते, म्हणून हे दोन ठेके सर्वांना जमतात. रूपकाच्या ७ मात्रांसाठी ७ चा एक बार घ्यायचा, दीपचंदीच्या १४ मात्रांसाठी ७ चे दोन, झपतालाच्या १० मात्रांसाठी ५ चे दोन आणि तीनतालासाठी ४ चे चार बार घ्यायचे. इथपर्यंत स्टाइल क्रिएटर (स्टाइल रचण्याची कीबोर्डातली सोय) साथ देतो, कारण एका व्हेरिएशनमध्ये, म्हणजे स्टाइलमधल्या मुख्य साथीच्या एका प्रकारात, कितीतरी बार बसवता येतात. पण फिल-इन, म्हणजे एका व्हेरिएशनमधून दुसऱ्यात जाताना वाजणारा भरणीचा तुकडा, मात्र एकाच बारचा असतो, आणि तो संपल्यावर पुढचे व्हेरिएशन पहिल्या बारपासून सुरू होते. परिणामी तीनतालात तुम्ही दुसऱ्या बारमध्ये फिल-इनचे बटण दाबले, तर मशीन तिसऱ्या बारच्या जागी सम आणून ठेवते, आणि गायक अजून खालीच्या वाटेवर असतो. कान तयार असलेला श्रोता त्याच क्षणी वर पाहतो. म्हणून आवर्तन मोठे असेल तेव्हा बटण शेवटच्या बारमध्येच दाबायचे ही शिस्त हाताला लावून घ्यावी लागते. झपतालात तर फिल-इन म्हणजे अर्धेच आवर्तन, हे गृहीत धरून तिहाई बसवावी लागते; मी ती सहाव्या मात्रेपासून सुरू होईल अशी बांधली आहे. ही रचना यामाहाच्या स्टाइलच्या गाभ्यात आहे, आणि मॉडेल बदलून ती बदलत नाही.

ठेक्याच्या आवाजाचा प्रश्न वेगळा आहे. तबल्याचे आणि ढोलकीचे बोल एकेक करून ध्वनिमुद्रित करून, यामाहा एक्स्पान्शन मॅनेजर या संगणकावरील प्रणालीत ते पट्ट्यांवर बसवून, त्यांचा एक्स्पान्शन पॅक (कीबोर्डात वाढीव आवाज घालणारी फाइल) तयार करता येतो आणि पेन ड्राइव्हने कीबोर्डात घालता येतो. एखाद्या चांगल्या ढोलकीवादकाला सोबत घेऊन, बोलांचे हलके आणि जोरदार असे दोन-तीन स्तर घेऊन हे काम केले, तर स्टाइलमध्ये जीव येतो. तरीही डग्ग्यावरची मींड, म्हणजे मनगटाच्या दाबाने आवाज वर चढवत नेणे, ही सुट्या नमुन्यांत पकडणे फार कठीण आहे. त्यासाठी काही वादक पूर्ण आवर्तनाचा ध्वनिमुद्रित लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) मल्टिपॅडवर, म्हणजे तयार तुकडे वाजवणाऱ्या बटणांवर लावतात. ऐकायला तो फारच खरा वाटतो, पण गाणे रंगल्यावर लय वाढवली की लूप आपल्याच लयीत राहतो आणि बाकीची स्टाइल पुढे निघून जाते. ज्या भक्तिगीताच्या शेवटी लय चढत न्यायची असते तिथे लूप वापरू नये, एवढेच मी अनुभवाने सांगू शकतो. खरा ढोलकीवादक मिळत असेल तर मी स्टाइलमधला तालाचा भाग बंद करून केवळ बेस आणि कॉर्ड ठेवतो, आणि तसे केल्यावर हाच कीबोर्ड एकदम वेगळ्या दर्जाचा वाटू लागतो.

या साऱ्या कामाला किती वेळ लागतो हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. एका गाण्याची स्टाइल, तिचे दोन किंवा तीन व्हेरिएशन, इंट्रो, एंडिंग, आवाजांचे प्रमाण आणि ८ रजिस्ट्रेशन्स हे सारे जुळून यायला कित्येक संध्याकाळी जातात. एसएक्स ९०० वर समाधानी असणाऱ्या वादकांशी बोलताना मला एक गोष्ट सतत जाणवते: त्यांचे समाधान कारखान्याने दिलेल्या आवाजांविषयी कमी असते आणि त्यांनी स्वतः रचलेल्या संग्रहाविषयी अधिक असते. ज्याच्याकडे अशा दोनशे-अडीचशे गाण्यांचा संग्रह आहे तो वादक नव्या मॉडेलची जाहिरात पाहून हलत नाही. उलट ज्याने तयार स्टाइल्सच्या पलीकडे कधी पाहिले नाही, त्याला प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये आपल्याला हवा तो ठेका मिळेल अशी आशा वाटते, आणि खरेदीनंतर काही महिन्यांत ती मावळते. नव्या कीबोर्डवर एवढा पैसा खर्च करण्याआधी आपण या दोघांपैकी कोण आहोत हे पाहिले पाहिजे.

मात्र संग्रह वाढत गेला की मेमरीची भिंत समोर येते, आणि मघाशी म्हटलेले खरे कारण हेच. एक्स्पान्शनसाठी एस ९७० मध्ये सुमारे ५१२ एमबी जागा होती, एस ९७५ मध्ये ती ७६८ एमबी झाली, एसएक्स ९०० मध्ये १ जीबी आणि एसएक्स ९२० मध्ये २ जीबी. तबला, ढोलकी, पखवाज, टाळ, दिमडी यांचे स्तरांसह घेतलेले नमुने, त्यांत हार्मोनियम, सतार, संतूर आणि बासरी मिळवली, की १ जीबी भरायला वेळ लागत नाही. जागा भरली की एक पॅक काढून दुसरा घालावा लागतो. त्यासाठी संगणकावर नवी फाइल तयार करायची, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची, कीबोर्डात बसवायची आणि कीबोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचे. शनिवारी संतवाणी आणि रविवारी लावणीचा कार्यक्रम असलेल्या वादकाला हे दर आठवड्याला करणे जड जाते. अशा वादकाने एसएक्स ९२० घ्यावा असे मी निःशंकपणे सांगेन. ज्याची मेमरी अजून अर्धीही भरलेली नाही त्याला त्या दुप्पट जागेचा काहीही उपयोग नाही.

जेनॉस २ हे निराळे वाद्य आहे, आणि त्याची तुलना एसएक्स ९०० शी करताना किमतीतला प्रचंड फरक विसरता येत नाही. ७६ पट्ट्या, आफ्टरटच, ९ इंची स्क्रीन, ३ जीबी एक्स्पान्शन, ८०० स्टाइल्स आणि त्यातही सुपर आर्टिक्युलेशन २ प्रकारचे आवाज, ज्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना वाद्याचा खरा सांधा ऐकू येतो. व्हायोलिन, सॅक्सोफोन आणि बासरीच्या एकल वादनात हा फरक कोणालाही ओळखू येईल. ज्यांचे मुख्य काम ध्वनिमुद्रणाचे आहे, किंवा जे एकट्याने कीबोर्ड वाजवून पूर्ण कार्यक्रम करतात, त्यांनी तो ऐकून घ्यावा आणि परवडत असेल तर घ्यावाही. पण त्याला अंगचे स्पीकर नाहीत, वजन अधिक आहे, आणि मांडवातल्या ध्वनिव्यवस्थेतून तो सूक्ष्म सांधा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. गायकाच्या मागे बसून साथ करणाऱ्यासाठी हा खर्च मला योग्य वाटत नाही.

कोर्ग पीए १००० चा उल्लेख केल्याशिवाय ही तुलना पुरी होणार नाही, कारण आपल्याकडच्या वाद्यवृंदांत यामाहाच्या बरोबरीने कोर्ग दिसतो. त्याची मोठी सोय अशी, की ध्वनिमुद्रित नमुने संगणकाविना कीबोर्डातच घालता आणि संपादित करता येतात, आणि पट्ट्यांना आफ्टरटच आहे. आवाजाचा पोतही अधिक ठसठशीत आहे. ढोल आणि हलगीच्या अंगाचे रिदम त्यावर उठून दिसतात. यामाहाचे तंतुवाद्यांचे आणि बासरीचे आवाज मला अधिक गोड वाटतात, म्हणून भावगीतासाठी मी यामाहाकडेच झुकतो. पण हा पसंतीचा भाग झाला. व्यवहाराचा मुद्दा असा, की यामाहावर बांधलेला संग्रह कोर्गवर जसाच्या तसा चालत नाही; स्टाइल्स रूपांतरित करता आल्या तरी आवाजांची निवड आणि प्रमाण पुन्हा बसवावे लागते. कंपनी बदलणे म्हणजे कित्येक वर्षांचे काम परत करणे, हे ठरवूनच तिकडे जावे.

सुरांच्या बाबतीतही एक खुलासा करायला हवा, कारण ‘कीबोर्डात आपले सूर नाहीत’ ही तक्रार जाणकार गायकांकडून नेहमी येते. कीबोर्ड समान अंतरांच्या स्वरांवर लावलेला असतो, त्यामुळे त्याचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा आणि शुद्ध निषाद सुमारे १२ सेंट चढा वाजतो. एसएक्स ९०० च्या स्केल ट्यूनमध्ये प्रत्येक स्वर सेंटच्या मापाने उतरवता किंवा चढवता येतो, आणि हे कोणत्या भागांना लागू करायचे तेही ठरवता येते. मागे नुसता तानपुरा आणि ठेका असेल, जसे अभंगात किंवा नाट्यगीताच्या आलापीत असते, तेव्हा उजव्या हाताला हे लावावे. गायकाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. कॉर्डची साथ चालू असताना मात्र लावू नये, कारण उजव्या हाताचा उतरा गांधार आणि कॉर्डमधला चढा गांधार एकमेकांना घासतात. ही सोय यामाहाच्या जुन्या मॉडेलांतही आहे, त्यामुळे सुरांसाठी कीबोर्ड बदलण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे एस ९५० किंवा एस ९७० आहे त्यांच्याबाबत माझा सल्ला निराळा आहे. २०१२ आणि २०१५ मधली ही वाद्ये अजून अनेक ठिकाणी वाजत आहेत आणि त्यांचे मालक समाधानीही आहेत, पण पट्ट्यांखालचे रबरी कॉन्टॅक्ट झिजले की हलकी दाबलेली पट्टीही कानठळ्या बसवणाऱ्या जोराने वाजू लागते, बटणे अडकतात, आणि कोकणातल्या दमट हवेत वाजणारा कीबोर्ड या अवस्थेला लवकर पोहोचतो. कॉन्टॅक्ट बदलून मिळत असतील तर आधी तो खर्च करून पाहावा. ते शक्य नसेल, तर तिसरा आवाज, टचस्क्रीन, कॉर्ड लूपर (वाजवलेला कॉर्डचा क्रम आपोआप पुन्हा वाजवणारी सोय) आणि वाढीव मेमरी या चार गोष्टींसाठी एसएक्स मालिकेत येणे सर्वस्वी योग्य आहे. यात वापरलेला एसएक्स ९०० घ्यावा की नवा एसएक्स ९२०, हे खिशावर ठरवावे. एस ९७० वरून येणाऱ्याला पहिला धक्का दोन्हींचा सारखाच बसतो. वाजवायला नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याला मात्र यांपैकी काहीच लागत नाही. भारतासाठी काढलेला, तबला आणि तानपुऱ्याच्या रियाजाची सोय असलेला पीएसआर-आय ५०० त्याला बराच काळ पुरेल.

वापरलेला एसएक्स ९०० घेणाऱ्याने तो कोणाच्या घरी ऐकून न घेता स्वतः वाजवून घ्यावा. प्रत्येक पट्टी अगदी हलक्या हाताने आणि मग जोराने दाबून आवाजाची चढउतार सलग येते का ते पाहावे, जॉयस्टिक सोडल्यावर सूर तंतोतंत परत येतो का ते ट्यूनरवर तपासावे, स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत स्पर्श नोंदवला जातो का ते पाहावे, सब आउटपुटमध्ये जॅक घालून हलवून पाहावा, आणि १६ व्होल्टचा मूळचा अ‍ॅडॅप्टर सोबत मिळतो याची खात्री करावी. जनरेटरवर चालणाऱ्या गावाकडच्या मांडवांत विजेचा दाब सतत हलत असतो, म्हणून एक लहान यूपीएसही लगेच घ्यावा. वीज क्षणभर गेली तरी कीबोर्ड पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो आणि साठवून न ठेवलेली मांडणी पुसली जाते. विकणाऱ्याने आत बसवलेले एक्स्पान्शन पॅक किमतीत धरले असतील तर जपून राहावे. विकतचे पॅक त्या एका कीबोर्डाच्या ओळखीशी बांधलेले असतात, त्यामुळे मूळ फाइल आणि परवाना हातात आला नाही तर एखाद्या दुरुस्तीनंतर ते परत बसवता येणार नाहीत.

एसएक्स ९०० वरून ९२० वर जाणाऱ्याने जुना कीबोर्ड विकण्याची घाई करू नये. आधी संपूर्ण बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा, त्याची एक प्रत संगणकावर ठेवावी, आणि नव्या कीबोर्डासाठी एक्स्पान्शन पॅकची फाइल नव्याने तयार करून घ्यावी. रजिस्ट्रेशन हे स्टाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे तो मार्ग लक्षात ठेवते, स्टाइल आपल्यात साठवत नाही. त्यामुळे फोल्डरांची नावे आणि रचना जशीच्या तशी ठेवली नाही तर बटण दाबल्यावर आवाज बदलतील, पण ठेका जुनाच राहील. सगळी गाणी एकदा घरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून पाहावीत, नव्या आवाजांच्या पातळीप्रमाणे प्रमाण दुरुस्त करावे, निदान एक लहान कार्यक्रम नव्या कीबोर्डावर करावा, आणि तोपर्यंत जुना गाडीत सोबत असू द्यावा.